दुसरा डबा

ड्रायव्हरने व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदा त्याचं डोकं तापलं. नाक्यावरच्या सरकारी जेवणघरातून एक पाठमोरा माणूस बाहेर पडत होता, दोन्ही हातांत एकेक डबा. खाली लिहिलं होतं : ‘बाहेरून आलेले दोन-दोन वाटे उचलतात. आपली म्हातारी माणसं उपाशी.’

“हरामखोर,” ड्रायव्हर भिंतीला म्हणाला. बसच्या पायरीवरून पडला तेव्हा पाय मोडला होता, कवळीही फुटली होती, आणि तेव्हापासून त्याचं ऐकून घ्यायला भिंतच तेवढी उरली होती. त्याने खाली दोन ओळी जोडल्या : ‘नुसतं बघत काय बसलाय? असल्यांचे पाय मोडा.’ आणि गल्लीच्या ग्रुपवर दिलं पाठवून.

अंगठ्यांवर अंगठे आले. भाच्याने तर लिहिलं, ‘मामा, आत्ता निघतो.’ ड्रायव्हरला फार बरं वाटलं. कुणीतरी अजून त्याला मानत होतं.

मग तो जेवणाची वाट बघत पडून राहिला. त्याचा डबा वरच्या मजल्यावरचा रंगारी आणायचा. रंगारीही बाहेरूनच आलेला, पण ड्रायव्हरच्या लेखी तो त्या लोकांत मोडत नव्हता. “तुझी गोष्ट वेगळी,” हे त्याने रंगाऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. “बाकी सगळे एकजात चोर.” रंगारी नुसता मान हलवायचा, डबा हाताशी ठेवायचा आणि म्हणायचा, “गरम आहे तोवर खा, बाबा.”

जिन्यावर पावलं वाजली, पण ती रंगाऱ्याच्या चपलांची नव्हती. बूट घातलेला भाचा आत आला. मामा अंथरुणाला खिळल्यापासून त्याची ही पहिलीच फेरी.

“पकडला एकाला, मामा. जेवणघराच्या दारातच.” त्याने खुर्चीवर डबा आपटला. “दोन होते. एक सांडला, हा तेवढा आणला.”

ड्रायव्हरची नजर डब्याच्या कडीवर गेली. कडीला काळी दोरी गुंडाळलेली होती, स्टिअरिंगला गुंडाळतात तशी घट्ट, शेवटचं टोक आत खोचलेलं. रंगाऱ्याचा हात भाजू नये म्हणून ड्रायव्हरनेच ती गुंडाळली होती.

“दुसरा कुणाचा विचारलं, तर म्हणे बाबांचा,” भाचा हसला. “बाप तिकडे मुलखात आणि डबा इथे. मग तुमचा मेसेज वाचून दाखवला त्याला. शब्दन् शब्द.”

“आणि?”

“आणि काय? तुम्ही लिहिलं होतं तसं केलं.”

ड्रायव्हरच्या मोडक्या पायातून कळ गेली. सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण सांगितलं, तर उद्या त्याच ग्रुपवर आपला फोटो फिरेल, हेही लगेच वाटलं. लाजेपेक्षा भीती मोठी निघाली.

भाच्याने झाकण उघडलं. “नखरे बघा साहेबांचे. पावाच्या कडा काढून घेतल्यात, वर दुधात भिजवलाय. फुकटचं खायचं आणि ही मिजास.” त्याने मोबाइल पुढे धरला. फोटोत रंगारी फूटपाथवर बसला होता, एक पाय नको त्या बाजूला वळलेला. “याला इकडे कधी पाहिलंय, मामा?”

ड्रायव्हरने फोटो बराच वेळ पाहिला.

“नाही.”

“असो. हे तुम्ही खाऊन टाका. आपल्याच हक्काचं आहे.”

भाचा गेला. मोबाइलवर अंगठे येतच होते. वरच्या मजल्यावर कसलीही चाहूल नव्हती. ड्रायव्हर डब्याकडे पाठ करून पडला, पण भूक काही पाठ सोडेना. शेवटी त्याने हात लांब केला आणि एक तुकडा तोंडात टाकला.

चावावा लागला नाही.