पवनदादाची इंग्रजी

"नो वे, सर," निकिता हसून म्हणाली.

साहेबांनी विचारलं होतं, नागपूरला राहावं लागेल, चालेल का? ग्राहकांशी फोनवर इंग्रजीत बोलायची नोकरी होती. चालेल का म्हणजे काय! त्यासाठीच तर ती सहा महिने वह्या भरत होती.

साहेबांनी तिचा अर्ज बाजूला सरकवला. शेजारच्या मॅडम मराठीत म्हणाल्या, "मुळीच जायचं नव्हतं, तर वाशीमपर्यंत आलीस कशाला?"

निकिताला आधी काही कळेचना. मग वहीतलं ते पान आठवलं. नो प्रॉब्लेम, नो वरीज, नो वे. तिन्हींपुढे तिच्या वहीत एकच अर्थ होता, 'काही अडचण नाही'. पवनदादानं सांगितलेला. दादा दोन वर्षं पुण्याच्या हॉटेलात होता, गोऱ्या पाहुण्यांशी फाडफाड बोलायचा. "साहेबानं इचारलं त शेवटचं म्हनजो. त्यानं वजन पडते," असंही त्यानं बजावलं होतं.

"मले जायचं हाय, मॅडम. शब्द चुकला."

"फोनवर ग्राहकाला असंच बोललीस तर?" म्हणत मॅडमनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर दादा चहाचे दोन कप घेऊन उभाच होता. मंगरूळपीरच्या बसमध्ये त्यानं तिला खिडकीची जागा दिली. खरं सांगावं, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण बिचारा वावरातून थकून यायचा आणि हातपाय न धुता तिला शिकवायला बसायचा. चुकला असेल एखादा शब्द. कळलं तर जन्मभर मनाला लावून घेईल, या विचारानं तिलाच त्याची कीव आली.

"मीच घाबरली, दादा," ती म्हणाली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "नशिबात असंन त होईन."

घरासमोर अनोळखी चपला-बुटांची रांग होती. आत पुरुषमाणसांचं हसणं चाललं होतं. माय लगबगीनं बाहेर आली. तिनं निकिताच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि हातात घडी केलेली साडी ठेवली.

"पाहुने? आज?"

"मंग! पवननंच बोलावले त्याइले, चार दिवस झाले. म्हने, शुक्रवारी सांजच्याले या, पोरीची नोकरी लागत नाही, मी पक्कं सांगतो."