गौतमच्या मशीनचा पंखा

मशीन सुरू झाली, पण खोलीत काहीच ऐकू आलं नाही. भूपेंद्रनं समाधानानं हात पुसले. केशवराव मात्र मशीनला कान लावून उभे.

"आवाज नाही येऊन राहिला," ते हळूच म्हणाले.

"तेच तं चांगलं आहे, काकाजी."

"नाही रे. चांगलं नाही."

कॉम्प्युटरचा जुना प्रोसेसर एवढा तापायचा की दुपारी मशीन आपोआप बंद पडे. जुन्या बोर्डावर बसेल असा नवा शोधायला भूपेंद्रला पांढुर्ण्याची सगळी दुकानं पालथी घालावी लागली. मग सौंसरला येऊन त्यानं आधी बायोस अपडेट केलं, पेस्ट लावून प्रोसेसर बसवला. नवा कमी तापतो, म्हणून पंखाही हळू फिरतो, हे त्यानं दोनदा समजावून सांगितलं. केशवरावांना पंखा जोरातच हवा होता.

कारण भिंतीपलीकडे मनकर्णाबाई पडून होत्या. मांडीचं हाड मोडून त्या नागपूरच्या दवाखान्यात असतानाच बोरगावजवळ गौतमची मोटरसायकल घसरली. बाईंचं हृदय नाजूक, धक्का देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. केशवरावांनी एकुलत्या एका मुलाची तेरवी तिगावला भावाकडे उरकली. मिशी का काढली म्हणून बायकोनं विचारलं, तर पिकली होती म्हणाले. दुखवट्याला बसायला येणाऱ्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

गौतम घरूनच कंपनीचं काम करायचा. दार बंद, कानात हेडफोन, आईबापाशी बोलायला फुरसत नाही. त्याची ती खोड आता कामी आली. रोज सकाळी केशवराव मशीन सुरू करीत. पंखा घरघरला की मनकर्णाबाई विचारत, उठला का? ते सांगत, मीटिंगमध्ये आहे.

स्वयंपाकाची बाई भांडी उशाशी ठेवून जाई. मनकर्णाबाई बसल्या जागी गौतमचं ताट वाढत. केशवराव स्वतःचं जेवण मागून बघू म्हणत आणि ते ताट आत नेत. भाकर उरली तर बायकोला शंका येईल, म्हणून शेवटचा घास पाण्याबरोबर गिळून रिकामं ताट बाहेर आणत.

भूपेंद्र गौतमचा शाळेतला दोस्त. सेटिंगमध्ये जाऊन त्यानं पंखा सगळ्यात जोरात ठेवला. घरघर भिंतीपलीकडे गेली.

"बसला वाटते कामाले," पलीकडून आवाज आला.

केशवरावांचा चेहरा सैल झाला. चहाला दूध आणतो म्हणून ते बाहेर पडले.

भूपेंद्र पिशवी उचलून निघाला, तर मनकर्णाबाईंनी खुणेनं जवळ बोलावलं. फाटक वाजेपर्यंत त्या थांबल्या.

"आवाज बंद नको होऊ देजो, बाबू," त्या म्हणाल्या. "गौतम गेला तवापासून हे आपल्या ताटातलं खाऊनच नाही राहिले. त्याच्या ताटातलं तेवढं खातेत."