उतरलेला गंधार

भूप रागाची सरगम म्हणता म्हणता हेडफोन घसरून दहा वर्षांच्या शाल्मलीच्या गळ्यात आला आणि तिला स्वतःचा गंधार ऐकू आला. आपल्या जागेहून चांगलाच खाली उतरलेला होता. टॅबच्या पडद्यावर मिरजेहून गाणं शिकवणाऱ्या कुंदाताई मात्र नेहमीसारख्याच मान डोलावत म्हणाल्या, "वा! सुरेख!"

शाल्मलीने हेडफोन कानाला लावून पुन्हा म्हटलं, तर गंधार अगदी चोख. म्हणजे गाण्याच्या क्लासचं हे ॲप चुकलेला सूर वाटेतच दुरुस्त करत होतं, ताईंसाठी आणि तिच्यासाठीही! तिने सेटिंग धुंडाळलं. तिथे लिहिलं होतं : 'मुलांचा हिरमोड होऊ नये, म्हणून ही सोय बंद करता येत नाही.'

"बघतेच आता," म्हणत तिने टॅब उपडा ठेवला आणि आईच्या मोबाइलवरून ताईंना साधा फोन लावला.

"ताई, आज वा म्हणायचं नाही. नुसतं ऐका."

तिने सरगम म्हटली.

"शाल्मली, हा तुझा सूर?" ताईंनी विचारलं. "मग वर्षभर मी शिकवत कुणाला होते गं?"

शाल्मलीने फोन ठेवला नाही. ती मांडी घालून ताठ बसली.

"आता मला शिकवा ना."

ताईंनी तानपुरा छेडला.

"गंधार उतरलाय. परत म्हण."

तिने म्हटलं.

"अजून उतरतोय. लक्ष कुठंय? परत!"

शाल्मलीने छाती भरून श्वास घेतला. वर्षभरात आज पहिल्यांदाच ताई तिचं गाणं ऐकत होत्या.