चौथा पाय

मॅडम बाहेर जाऊन फोनवर बोलून परत आल्या, तोवर सुतारानं खेळण्यातल्या घोडीला चौथा पाय बसवूनही टाकला होता.

"बघा," तो खुशीत म्हणाला. "फळीवर लंगडी पडली होती बिचारी. सुताराला नुसतं बसवून ठेवलं की असं होतं."

त्याच्या कानामागची पेन्सिल चांगलीच आखूड झाली होती. तिचाच तुकडा तासून त्यानं पाय केला होता आणि खिशातल्या ट्यूबनं चिकटवला होता. बोटाएवढी ती लाकडी घोडी टेबलावर ताठ उभी होती. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं, पण आता बोलून उपयोग नव्हता.

खरं तर तो आत येणाऱ्यातला नव्हताच. पोरगा गेल्यापासून त्याची बायको दर आठवड्याला समुपदेशनासाठी मॅडमकडे यायची. इथल्या पसरट लाकडी खोक्यात वाळू होती. त्या वाळूत ती डोंगर-नद्या करायची, फळीवरचे प्राणी मांडायची आणि त्यांची गोष्ट सांगायची. मोठ्या माणसाचं मन खेळण्यांशी खेळून बरं होतं, हे काही सुताराच्या गळी उतरत नव्हतं. तो बाहेर बाकावर बसायचा. घरी मात्र त्यानं नळ, बिजागऱ्या, खुर्च्या, शेजाऱ्यांची शिडीसुद्धा दुरुस्त करून टाकली होती. घरात काही म्हणून करकरत नव्हतं. पोराचं नाव तेवढं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. बायकोला त्याच्याबरोबर एकदा तरी रडायचं होतं, आणि तो समोर असूनही सापडत नव्हता. शेवटी तिनं हट्टच धरला. "एकदा आत या. मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

आज तो आधीच येऊन बसला होता. ती कामावरून धावतपळत आली. पर्स खुर्चीवर टाकून सरळ वाळूपाशी गेली, बोटानं नदी काढली, पलीकडच्या काठावर एक छोटं पांढरं शिंगरू ठेवलं. मग फळीकडे हात नेला.

"माझी घोडी कुठंय?"

सुतारानं टेबलाकडे मोठ्या ऐटीत बोट दाखवलं. तिनं घोडी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"ही माझी नाही."

"अगं, तीच आहे. मी पाय बसवलाय. आता पडायची नाही."

"पडू दे ना!" ती ओरडलीच. मग खाली बसली आणि डोळे पुसू लागली. सुतार गोंधळून मॅडमकडे बघायला लागला.

"त्यांना गोष्ट ठाऊक नाही," मॅडम तिला म्हणाल्या. "सांगता का त्यांना?"

ती वाळूकडे बघतच बोलली. "हिचं शिंगरू नदीपार गेलं. तिकडून कुणी परत येत नाही. तरी ही मागोमाग गेली. नदी म्हणाली, शिंगरू काही मिळायचं नाही. तुला तेवढं परत सोडते, पण एक पाय इथं ठेवून जा. मग ही पाय ठेवून आली." तिनं नाक ओढलं. "तुम्ही पाय लावून दिलात. आता कुणीही म्हणेल, ही गेलीच नव्हती."

सुतारानं घोडी हातात घेतली. त्यानं जोडलेलं सुटत नाही, अशी त्याची ख्याती होती. पायापाशी नख घातलं, जोर लावला, आणि पाय कट्‌कन निघाला. घोडी वाळूत ठेवली तर ती कलंडली. त्यानं तिला बोटाचा टेकू दिला आणि तसाच वाकून उभा राहिला.

मग त्यानं विचारलं, "शिंगरू भेटलं तिला?"

"भेटलं."

"बोललं काही?"

आता तिनं वर बघितलं. इतक्या महिन्यांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"घोडा का नाही आला, म्हणून विचारत होतं."

सुताराला रडू फुटलं, तेही लहान मुलासारखं, तोंड वेडंवाकडं करून. त्याचं बोट निसटलं, तेव्हा तिनं घोडीला आपल्या हाताचा टेकू दिला.

मग तो बाहीनं तोंड पुसत सरळ झाला आणि फळीपाशी गेला. घोडे बरेच होते तिथं. काळे, तांबडे, खोगीर घातलेले. तो एकेक उचलून निरखून बघत होता, परत ठेवत होता.

सगळे धडधाकट, चारही पायांवर उभे. नदीपार जाऊन आलेला, त्याच्या कामाचा असा एकही नव्हता.