कल्ला
कंपनीचं सॉफ्टवेअर टूल शिकणारे नवखे प्रोग्रामर 'पाच मिनिटांत सुरुवात' हे पहिलंच पान अर्धवट टाकून पळत होते. पान प्रितेशनंच लिहिलेलं, त्यामुळे सुधारायचंही त्यालाच होतं. त्याचा संशय नवख्यांवर. लेकाचे धड वाचतच नसणार! वैतागून त्यानं विरारच्या बाजारात मासळी विकणाऱ्या आईशेजारी बसून ते तिला मराठीत वाचून दाखवलं. आईनं डोळे बारीक केले. "चौथ्या पायरीलाच 'अगदी सोपं' कशाला लिवलंस?" "सोपंच आहे, म्हणून." "मंग आधीच्यांना का नाय?" तिनं आवाज खाली आणला. "ताज्या म्हावऱ्याचा मी नुसता कल्ला उचलून आतला लाल रंग दावते. 'ताजं, ताजं' ओरडते ते कालच्याला." प्रितेशनं चौथी पायरी पुन्हा वाचली. नवखे नेमके तिथूनच पळतात, हे त्यानं आईला सांगितलंच नव्हतं. आणि ती पायरी त्याला स्वतःलाही कधी कळली नव्हती, हे तर कुणालाच नाही.