दोषाचा रकाना

विनयाने रॅमची पट्टी दुकानातल्या मशीनमध्ये बसवली आणि बटण दाबलं. मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं. बत्तीस एमबी, ठणठणीत.

"चालतेय की, काका."

काउंटरपलीकडे बळवंतकाका दिघे रुमालाने मान पुसत उभे होते. सरकारी खात्यातला बडा माणूस, गाझियाबादच्या मराठी मंडळात आरतीला सगळ्यांत पुढे. महिन्यापूर्वी विनयानेच त्यांचा कॉम्प्युटर जोडून दिला होता.

"इथे चालते गं. घरी नाही चालत." मग त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "खरं सांगू? समोरच्या फ्लॅटमधल्या भाटियाने चौसष्टची घेतलीय. आमचा अंशुमन रोज तिकडेच जाऊन बसतो. अच्छा नहीं लगता, यार. तू परतीच्या फॉर्मवर 'खराब' लिही. दुकान परत घेईल, मी मोठी नेईन."

विनयाने मशीन बंद करून पट्टी काढली. रोज हेच चाललं होतं. कुणाचा प्रोजेक्ट संपला, कुणाची हौस फिटली, आणि खराब मात्र दुकानाचा माल. कडक इस्त्रीचे शर्ट घालून यायचं आणि डोळ्यांत डोळे घालून बेधडक खोटं बोलायचं.

"काका, जोडणी माझी होती. पट्टीवर माझ्या नावाची चिठ्ठी आहे बघा. माझ्या नावावर या महिन्यात दोन वस्तू परत आल्यात. तिसरी आली की आमचे मालक खुरानाजी मला घरी बसवतील."

काकांनी चिठ्ठीकडे बघून मान खाली घातली. शरमले बिचारे, असं तिला वाटलं.

"मग चिठ्ठी बदल ना!" त्यांचा चेहरा उजळला. "दुसऱ्या कुणाच्या नावावर घाल. इथे कोण बघतंय? आपल्या माणसासाठी एवढं करशीलच तू."

आपल्या माणसासाठी! त्या शब्दाचीच तिला किळस आली. मंडळात याच माणसाला ती दरवर्षी वाकून नमस्कार करत आली होती.

तिने परतीचा फॉर्म ओढला. जोडणी करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. मग दोषाच्या रकान्यात, खुरानाजींना वाचता यावं म्हणून, ठळक हिंदीत लिहिलं: 'माल ठीक है. पड़ोसी के पास बड़ा है.'

आणि फॉर्म काकांपुढे सरकवला.

"घ्या काका, सही करा."