जबाबदार बाटली

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या मराठी वाइन क्लबात शिरायचं, तर आधी अध्यक्ष परीक्षितला घरी बोलावून एक बाटली पसंत करून घ्यावी लागते. यतीनने इटलीच्या एका सज्जन वायनरीच्या दोन बाटल्या आणल्या, एक सरावाला आणि एक परीक्षेला. मग आठवडाभर मालवणहून आलेल्या आईला तो ऐकवत राहिला, "मळ्यात फवारणी नाही, तण मेंढ्या खातात, तळघर सोलरवर चालतं. आणि रिकामी बाटली फेकत नाहीत गं, धुऊन पुन्हा भरतात!"

शनिवारी तेच पाठांतर त्याने परीक्षितसमोर म्हणून दाखवलं. वाइनला श्वास घेता यावा म्हणून त्याने दुपारीच बाटली उघडून काउंटरवर ठेवली होती; तिथली बाटली उचलून त्याने परीक्षितचा ग्लास भरला. परीक्षितने डोळे मिटून मोठा घोट घेतला. उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"मळा समुद्राकाठचा दिसतोय," तो घसा खाकरत म्हणाला. "मिनरल्स जाणवतात. केमिकल नसलं ना, की माती अशी थेट जिभेवर येते. वेलकम टू द क्लब, यार!"

यतीनने धन्य होऊन स्वतःचा ग्लास भरायला घेतला, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"यतीन, माझं कोकमाचं खारं आगळ कुठे गेलं रे? सोलकढी अडलीय."

"कशात ठेवलं होतंस?"

"कशात म्हणजे? तुझ्या सरावाच्या बाटलीत. धुऊनच भरलं हो, इटलीतल्यासारखं."